निर्व्याज की बिनव्याजी? आणि 'गव्हर्नन्स'ला काय म्हणायचं?

अनुवादक, अंधेरी:
छोट्या इस्लामी, म्हणजे व्याज न घेणाऱ्या-देणाऱ्या, बँकांचा 'कॉर्पोरेट गव्हर्नन्स' आणि आर्थिक कामगिरी यांवरचा एक लेख मराठीत करते आहे. 'निगम सुशासन' लिहिलं, तर संपादकबाई म्हणाल्या, 'सु' आधीच जोडलात तर बिघडलेल्याला काय म्हणाल? खरं आहे. तुर्कस्तानातल्या इहलास फायनान्सचा परवाना फेब्रुवारी २००१मध्ये रद्द झाला आणि तिथल्या ठेवींना विमा नव्हता. तिथे 'सु' कसा लावू? शिवाय माझं 'निर्व्याज बँक' खोडून त्यांनी 'बिनव्याजी' केलं. आमचे आजोबा 'निर्व्याज कर्ज'च म्हणायचे.

पतपेढीवाले, गिरगाव:
कारभार! तीस वर्षं पतपेढीत काढली. संचालकांच्या भाच्या-पुतण्यांना कर्जं गेली की सभासद वार्षिक सभेत उठून कारभाराचाच जाब विचारत.

अनुवादक, अंधेरी:
काका, इथे संचालक मंडळाशिवाय शरिया मंडळही असतं, व्यवहार इस्लामी नियमांत बसतात का ते बघणारं. इस्लामी बँकांची मानकं ठरवणाऱ्या बहारीनच्या संस्थेप्रमाणे त्यात किमान तीन जाणकार हवेत. छोट्या बँकेला तो खर्च जड जातो आणि तेच जाणकार अनेक बँकांच्या मंडळांवर दिसतात. मुदारबा, म्हणजे एकाचा पैसा आणि दुसऱ्याची मेहनत अशी भागी; त्यातल्या ठेवीदाराचं तर आणखी वेगळं. नफ्यात वाटा, तोटाही त्याचाच, पण सभेत मत नाही. मग जाब कोण विचारणार? हे सगळं 'कारभारा'त मावेल?

संस्कृत शिकवते, डोंबिवली:
आधी 'निर्व्याज'चं बघू. व्याज म्हणजे मिष, बहाणा. व्याजस्तुती शाळेत शिकलोय ना? निर्व्याज प्रेम म्हणजे निष्कपट प्रेम. 'निर्व्याज बँक' वाचून मला तरी निष्कपट बँकच कळेल. संपादकबाई बरोबर आहेत.

दादरकर:
पण 'बिन' फारसी आहे. संस्कृत उपसर्ग हाताशी असताना उसना कशाला?

संस्कृत शिकवते, डोंबिवली:
'बिन' आपल्या 'विना'चा. फारसी तो 'बे', बेहिशेबीतला. आणि त्यातला हिशेबही अरबी. जमा, बाकी, रक्कम, वसूल, नफा, सगळे तिकडचेच. हे काढून टाकलेत तर खतावणीत काय लिहाल?

दादरकर:
रुळलेले राहू देत. नवे तरी आपले घडवा, एवढंच म्हणतो. मुदारबा, मुराबहा, सुकूक हे सामान्य ठेवीदाराला कसे कळणार?

मूळ रत्नागिरी, आता भेंडीबाजार:
आमच्या घरात ते कळतात, आणि आम्हीही मराठीच बोलतो. मुराबहा म्हणजे आपला नफा सांगून केलेली विक्री, सुकूक म्हणजे रोख्यांसारखी प्रमाणपत्रं. आजी 'व्याज' म्हणत नसे, 'सूद' म्हणे. व्याजाला अरबीत 'रिबा', त्याचा मूळ अर्थ मात्र नुसती वाढ.

संस्कृत शिकवते, डोंबिवली:
काय सुंदर! संस्कृतातही व्याजाला वृद्धी म्हणतात. आणि आपली वाढीदिढी! मणभर धान्य न्यायचं, सुगीला दीड मण परत करायचं.

पतपेढीवाले, गिरगाव:
मग मुदारबाला 'अर्धेली' का नको? एकाचं भांडवल, दुसऱ्याचे कष्ट.

अनुवादक, अंधेरी:
अर्धेलीत निम्मं-निम्मं आलं. मुदारबात प्रमाण करारात ठरतं, साठ-चाळीसही असू शकतं. शिवाय तोटा? भांडवल बुडालं तर ते पैसे देणाऱ्याचं, राबणाऱ्याची मेहनत वाया. मात्र त्याने हयगय केली असेल तर भरपाई त्याने करायची.

मूळ रत्नागिरी, आता भेंडीबाजार:
ताई, आमच्याकडे गुरांच्या अर्धेलीत असंच होतं. वासरं वाटून घ्यायची. गाय मेली तर ती धन्याची गेली. सांभाळणाऱ्याची वर्षभराची राखण फुकट, पण त्याच्याकडे कोणी पैसे मागत नसे.

अनुवादक, अंधेरी:
आणि त्याच्या हयगयीने मेली असेल तर?

मूळ रत्नागिरी, आता भेंडीबाजार:
तर गावकी बसायची. धनी एका बाजूला, राखणारा दुसऱ्या. गाय शेवटची कुणी पाहिली, चारा कुणी टाकला, सगळं विचारून मग ठरायचं.