वाचनालयातल्या चेटकिणी: 'विज्ञानवाट' सरांना उत्तर

सुरंगी:
परवा 'विज्ञानवाट' सरांनी इथे लिहिलं की तालुक्यातल्या एका वाचनालयात मुलांना दर रविवारी चेटकिणींच्या गोष्टी वाचून दाखवतात. "आम्ही शाळाशाळांत जाऊन जादूटोणा खोटा म्हणून सांगायचं आणि यांनी झाडूवर बसणाऱ्या बायका पोरांच्या डोक्यात भरवायच्या. ही पुस्तकं कपाटातून काढा," असं त्यांचं म्हणणं. त्या गोष्टी वाचून दाखवणारी बाई मी. दोन दिवस गप्प बसले. पण खाली एकामागून एक 'अगदी बरोबर' येत राहिलं तेव्हा राहवेना.

सर, सिंधुदुर्गातल्या एकाही पोराला झाडूवरून उडणाऱ्या बाईची भीती वाटत नाही. त्यांना भीती वाटते घरामागच्या व्हाळाची, तिन्हीसांजेला चिंचेखालून जायची, अवसेला तिठ्यावर पडलेल्या लिंबाची. पुस्तक हातात यायच्या आधीच ही भीती घरात असते. माझ्याकडे येणारी पाचवीतली एक मुलगी पहिल्या रविवारी गोष्ट अर्ध्यावर टाकून उठली. वाटेत वड आहे, काळोखाच्या आत तो ओलांडायला हवा, म्हणाली.

त्या दिवशी मी वाचत होते जिल मर्फी यांचं १९७४ सालचं 'द वर्स्ट विच'. इंग्रजी पुस्तक समोर धरून मी तोंडाने मराठीत सांगत जाते. मिल्ड्रेड नावाची पोर चेटकिणींच्या शाळेत शिकते आणि तिला काहीच धड येत नाही. अदृश्य करणारं आणि हसवणारं अशी दोन औषधं असतात, ती नेमकं नको ते उकळते. सगळ्या मुलींना काळी मांजरं मिळतात, हिच्या वाट्याला पट्ट्यापट्ट्यांचं येतं, कारण काळी संपलेली असतात. आमच्या पोरी यावर खिदळल्या. मग एकीने हात वर केला: "बाई, ती केरसुणीवर बसते? पाय लागतो ना! पाया पडली का नंतर?" लक्ष्मीपूजनाला केरसुणीला हळदकुंकू लावणाऱ्या घरातली मुलगी ती. पंधरा मिनिटं वाद झाला. शेवटी ठरलं की तो हिरांचा खराटा असणार, आणि खराट्यावर बसलेलं चालतं.

आता मुद्द्याचं. या पुस्तकांतली जादू शिकावी लागते. तिला वर्ग आहे, परीक्षा आहे, चुकलात तर मुख्याध्यापिकेसमोर उभं राहावं लागतं. बुवाच्या जादूला यातलं काय आहे? तो सांगेल ते खरं, मागेल ते द्यायचं, आणि गुण आला नाही तर दोष तुमच्या श्रद्धेचा. पोरं हा फरक माझ्यापेक्षा लवकर ओळखतात.

विज्ञानवाट:
ताई, तुमच्या हेतूबद्दल शंका नाही. पण मी बावीस वर्षं शाळांतून कार्यक्रम करतोय. सुरीच्या पात्याला मिथिल ऑरेंज लावून सुकवायचं. लिंबू कापलं की आंबट रसाने पातं लालभडक होतं आणि 'लिंबातून रक्त' म्हणून अख्खा वर्ग किंचाळतो. मग मी सगळं उलगडून सांगतो. गेल्या वर्षी एका शाळेत हे केल्यावर सातवीचा मुलगा मागून म्हणाला, "सर, हे तुमचं खोटं. खरी जादू वेगळी असते." ते 'खरी जादू वेगळी' कुठून आलं? कुणीतरी वाचून दाखवल्याशिवाय?

डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला खून झाला तेव्हा कुठे सरकार हललं आणि जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला. कायदा त्याच वर्षी डिसेंबरात झाला. एवढी किंमत मोजलेल्या गोष्टीवर तुम्ही रविवारी दोन तासांत पाणी फिरवता, असं मला वाटतं. राग आला तर येऊ दे.

सुरंगी:
राग आलाच. 'खरी जादू वेगळी' ही त्या मुलाला आजीने सांगितली असेल, शेजाऱ्याने सांगितली असेल, नाहीतर घरी येणाऱ्या भगताने. किती घरांत इंग्रजी गोष्टीची पुस्तकं पाहिलीत तुम्ही? दाभोलकरांचं नाव घेऊन मला गप्प करू नका, त्यांच्यासाठी मीही रस्त्यावर उभी राहिले आहे.

व्हाळावयलो:
सुरंगीबाय, तुमचा सगळा वाचलंय. माका एकच इचारूचा हा. आमच्याकडे देवचार हा, मुंजा हा, चकवो हा. इतकी सगळी आसताना ती परदेशातली टोपयेवाली कित्याक व्हयी? आमची आजी काळोख पडलो काय गजाली सांगूक बसा. देवचार म्हंजे गावचो राखणो. रातीचो काठी आपटीत सीमेर फिरता, वाट चुकलेल्याक घराकडे आणून सोडता. आरवलीच्या वेतोबाक लोक येवढ्या मोठ्या चपला वाहतत, कारण तो रातभर गावात फिरता. ह्या पोरांका कोण सांगता आता? मालवणीत पोरांचा पुस्तक दाखवा माका एक. मिल्ड्रेड म्हणे.

परळची चाळ:
अगदी मनातलं! आम्ही लहानपणी 'चांदोबा'तले विक्रम-वेताळ वाचून मोठे झालो, १९५२ पासून मराठीत येत होता तो. राजा प्रेत खांद्यावर घेऊन चालतोय आणि वेताळ कोडं घालतोय, यात काय कमी होतं? आपलं सोडून बाहेरचं आणायचं आणि मग मुलांना मालवणी येत नाही म्हणून रडायचं.

खाडीकाठ:
विषय निघालाच आहे तर मलाही बोलू द्या. माझ्याकडे देवबागला चार खोल्यांचं होमस्टे आहे. हल्ली पाहुणे आल्या आल्या विचारतात, "इथे भूत दिसतं ना?" टीव्हीवाल्यांनी कोकण म्हणजे करणी, भानामती, पिंपळ आणि केस सोडलेली बाई, असं करून ठेवलंय. गेल्या मे महिन्यात चार जण रात्री साडेबाराला माझ्या वडिलांना उठवून म्हणाले, काका, स्मशानाची वाट दाखवा. वडील ब्याऐंशी वर्षांचे. मला त्या पुस्तकांचं काही नाही, पण कोकण आणि जादूटोणा ही जोडी आता कुणीही नव्याने लावू नये.

परळची चाळ:
टीव्हीला दोष देऊ नका. गावातले लोकच गाऱ्हाणी घालतात, कौल लावतात, कोंबडा देतात. आम्ही मुंबईत हे विसरलो होतो.

व्हाळावयलो:
तुमी गणपतीक धा दिस येतास, बारा पाच्या देवाक गाऱ्हाणा घालूक आमकाच सांगतास, परसादाचो नारळ मुंबैक न्हेतास. आणि आमीच अंधश्रद्धाळू? गाऱ्हाणा म्हंजे करणी न्हय. आदी ह्यो फरक समजान घेवा.

परळची चाळ:
पैसे आम्ही पाठवतो म्हणून देवळाचं छप्पर उभं आहे.

सुरंगी:
देवळाच्या छपराचं भांडण कृपया दुसरीकडे. देवचाराबद्दल मात्र व्हाळावयले, तुमचं पटलं. पण तुमची आजी सांगायची ती गजाल आज कोण सांगतंय? तुम्ही या. मी खुर्ची देते. आणि 'चांदोबा'तला वेताळ मीही वाचला, पण त्यात माझ्या वयाची मुलगी कुठे होती? राजकन्या होत्या, त्यांची लग्नं व्हायची.

जर्मन लेखक ओट्फ्रीड प्रॉइसलरच्या १९५७ सालच्या गोष्टीतली छोटी चेटकीण १२७ वर्षांची असते, म्हणजे चेटकिणींच्या हिशोबात पोरच. मोठ्या चेटकिणी तिला म्हणतात, वर्षभर चांगली वाग, मग नाचायला घेऊ. ती गरिबांना लाकडं मिळवून देते, प्राण्यांना सोडवते. मग कळतं की त्यांच्या लेखी 'चांगली चेटकीण' म्हणजे वाईट करणारी. ती काय करते? सगळ्या म्हाताऱ्यांचे झाडू आणि मंत्राची पुस्तकं गोळा करून जाळते. सर, तुमच्या कार्यक्रमात यापेक्षा वेगळं काय असतं?

बांधावरून:
इतका वेळ वाचत होतो. सुरंगीताई, तुम्ही तो शब्द किती सहज वापरता हे पाहून लिहितोय.

माझी आते वाडीच्या टोकाला राहायची. मूलबाळ नाही, नवरा लवकर गेला. एका पावसात शेजाऱ्यांच्या दोन म्हशींचं दूध आटलं आणि बोट तिच्याकडे वळलं. मग कुणाचं पोर तापाने फणफणलं की हिची नजर, कुणाचं कलम जळलं की हिचा पाय. विहिरीवर ती आली की बायका कळशा उचलून बाजूला व्हायच्या. तिच्या दारात कुणीतरी कोहळा फोडून शेंदूर टाकला होता. ती सकाळी शेणाचा सडा घालून तो धूत होती, तेव्हा आम्ही पोरं शाळेत जाता जाता ओरडलो, "चेटकीण, चेटकीण!" मी नऊ वर्षांचा होतो. मीही ओरडलो. तिने मान वर केली, मला ओळखलं आणि परत खाली बघून धुवत राहिली. त्याच्या आदल्याच आठवड्यात तिने मला खिशात भरून भाजलेले काजू दिले होते.

ज्या कायद्याचं सर सांगतात, त्याच्या अनुसूचीत गुरांचं दूध आटवते म्हणून एखाद्याला छळणं स्पष्ट लिहिलेलं आहे. मी ते वाचलं तेव्हा आते जाऊन अकरा वर्षं झाली होती.

तुमच्या गोड मिल्ड्रेडला मराठीत तोच शब्द लावताना तुम्हाला काहीच वाटत नाही?

खाडीकाठ:
बांधावरून, वाचून गलबललो. पण तोच शब्द हसण्याचाही आहे हो. मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'तली चिंची चेटकीण आठवा. दिलीप प्रभावळकरांनी केली, २०१८ ला नाटक परत आलं तेव्हा वैभव मांगलेंनी. पोरं टाळ्या पिटतात.

बांधावरून:
चिंचीचं नाक रंगवलेलं, आणि रंगवणारा पुरुष. पडदा पडला की तो घरी जातो. माझ्या आतेने रंग लावलेला नव्हता.

आणि सगळीच पुस्तकं गोड नसतात. माझ्या पुतणीकडे रोआल्ड डालचं १९८३ चं 'द विचेस' होतं. त्यात सांगितलंय की खऱ्या चेटकिणी साध्या बायकांसारख्याच दिसतात, नखं लपवायला हातमोजे घालतात, टक्कल झाकायला टोप. त्या असतातही फक्त बायकाच. पोरीने आठवडाभर शिकवणीच्या बाईंचे हात बघितले. माझ्या आतेवर हेच तर झालं, की बाई साधी दिसते पण आत काही वेगळं आहे. यावर बोला ताई.

सुरंगी:
यावर माझ्याकडे उत्तर नाही. ते पुस्तक आमच्या कपाटात आहे. मी ते मुलांपुढे कधी वाचलं नाही, पण का वाचलं नाही हे आजवर स्वतःला विचारलं नव्हतं. बहुतेक मलाच ते नकोसं झालं होतं.

पण मिल्ड्रेड आणि किकीला मी त्या रांगेत बसवणार नाही. किकी म्हणजे जपानी लेखिका एइको कादोनोंच्या १९८५ च्या पुस्तकातली छोटी चेटकीण. तेरा वर्षांची झाली की चेटकिणीच्या मुलीने घर सोडून अनोळखी गावात वर्षभर राहायचं, असा रिवाज. ती समुद्रकाठच्या गावात उतरते. जादू म्हणाल तर तिला उडता येतं, बाकी काही नाही. बेकरीवालीच्या आधाराने राहते आणि लोकांची सामानं पोचवते. सुरुवातीला गाव तिच्याकडे संशयाने बघतं. शेवटी तिच्यावाचून गावाचं अडतं. तुमच्या आतेच्या गावाने ही गोष्ट ऐकली असती तर, असं मला वाटत राहिलं तुमचं वाचताना. शब्द टाळला की संशय टळतो, हे मला अजूनही पटत नाही.

बांधावरून:
गावाने काही ऐकलं नसतं. पोरांनी कदाचित ऐकलं असतं. एवढं मान्य.

विज्ञानवाट:
माझं मत बदललेलं नाही. पण मुलीने सक्ती केली म्हणून काल 'हॅरी पॉटर आणि परीस'ची शेवटची प्रकरणं वाचली. सात बाटल्यांचं कोडं येतं, तिथे मंत्र चालत नाही, निव्वळ तर्क चालतो, आणि हर्मायनी तो कागदावर वाचून सोडवते. एवढं ठीक आहे. बाकी घुबडं आणि काठ्या मला अजूनही नको आहेत. तुमच्या वाचनानंतर मला वीस मिनिटं द्या, लिंबू मी आणतो. दोन्ही गोष्टी पोरांना एकाच दिवशी दिसू देत, मग बघू.

व्हाळावयलो:
मी पण येतंय. देवचाराची गजाल सांगतंय. पण मराठीत सांगूचंय नाय.

सुरंगी:
नकाच सांगू मराठीत.

बांधावरून, तुमचं लिहिलेलं काल मुलांना सांगितलं, नाव-गाव न घेता. मग विचारलं, किकीला काय म्हणायचं? एक मुलगा म्हणाला, "नुसतं किकी म्हणा." ती वडाची वाट असलेली मुलगी म्हणाली, "चेटकीणच म्हणा. आणि ती म्हशीवाली गोष्ट पण आधी सांगा." मला अजून ठरवता आलेलं नाही. तुम्ही येऊन त्यांच्याशी बोलाल का?

बांधावरून:
बोलायला जमणार नाही मला. मागे बसून ऐकेन. ते किकीचं पुस्तक आधी वाचायला मिळेल का?

सुरंगी:
मिळेल. पावसात भिजलंय, मधली चार पानं चिकटलेली आहेत, ओढू नका. रविवारी चार वाजता. वडावरून जाणारी मुलं आहेत, सहाच्या आत सोडायची असतात.