मेक्सिकन एलोते घरी करताना मेयो वितळून खाली उतरतं, कणीसही नीट भाजलं जात नाही

मक्याचीराणी
नमस्कार मंडळी, मागच्या दोन रविवारी घरी एलोते करून बघितलं, म्हणजे मेक्सिकोत रस्त्यावर गाडीवर मिळतं ना ते भाजलेलं कणीस, वर मेयोनीज, चीज, तिखट आणि लिंबू. दोन्ही वेळा फसलं. पहिल्यांदा कणसं पानांसकट अर्धा तास पाण्यात भिजवली आणि तशीच ग्रिलवर ठेवली, आतून मस्त शिजली पण एक डाग पडेल तर शपथ, चव अगदी उकडलेल्या कणसाची. दुसऱ्यांदा पानं काढली, भरपूर बटर चोपडलं आणि मोठ्या आचेवर ठेवलं तर बटर निखाऱ्यात टपकून ज्वाळा उठल्या, कणसावर काजळी धरली आणि कडू लागायला लागलं.
आणि दोन्ही वेळा मेयो लावल्या लावल्या त्याचं तेल सुटून ताटात ओघळ, सोबत चीजही खाली. चीज मोझरेला होतं, किसून. शनिवारी मुलीचा वाढदिवस आहे, बारा जण आहेत आणि तिने हट्टाने हेच मागितलंय त्यामुळे मला ते खरंच चांगलं करायचंय. घरी कोळशाचं छोटं ग्रिल आहे. आई अंडं खात नाही, तिच्यासाठी मेयोऐवजी काय करू तेही सांगा प्लीज.

निखारा७
तुमचं दुसऱ्या वेळचं बरोबर होतं, फक्त बटर नको होतं. पानं आणि केस पूर्ण काढा, कणीस धुतलं असेल तर फडक्याने कोरडं पुसा, हे फार महत्त्वाचं आहे कारण ओल्या कणसावर आधी पाणी उडून जाण्यातच सगळी आच खर्ची पडते आणि डाग पडेपर्यंत दाणे सुकून जातात. तेल लावायचंच तर बोटाने पुसल्यासारखं, टपकणार नाही इतकंच, मी तर अजिबात लावत नाही. कोळसा लाल दिसतोय तोवर थांबा, वर राखाडी राखेचा थर आला आणि ज्वाळा बसल्या की मग जाळी ठेवा. कणीस सरळ जाळीवर, दर दोन मिनिटांनी पाव फेरी फिरवायचं, ८ ते १० मिनिटांत होतं. सगळं कणीस काळं करायचं नाहीये, पिवळे टपोरे दाणे आणि मधे मधे तपकिरी-काळे ठिपके असं दिसलं की उचला. एखाद-दुसरा दाणा फट्टकन फुटतो, मुलांना ग्रिलजवळ वाकू देऊ नका.

आता मेयोचं. मेयोनीज म्हणजे तेलाचे बारीक थेंब अंड्याच्या बलकाने पाण्यात धरून ठेवलेले असतात, जास्त गरम झालं की ती पकड सुटते आणि तेल वेगळं होतं. शिवाय आचेवरून नुकत्याच उतरवलेल्या कणसातून वाफ निघत असते, त्या वाफेवर काहीही चिकटत नाही. म्हणून उतरवल्यावर दोन-तीन मिनिटं उभं करून ठेवा, झाकू नका, हाताला गरम लागेल पण चटका बसणार नाही असं झालं की ब्रशने पातळ थर लावा. पातळच. लोक चमचाभर थापतात आणि मग म्हणतात चीज पडलं, अहो ते मेयोच्या वजनाने पडतं. लगेच ताटलीत चीज पसरून त्यात कणीस लोळवायचं.

दूरची_चिमणी
मी कामानिमित्त तीन वर्षं मेक्सिको सिटीत होते आणि संध्याकाळी परत येताना कोपऱ्यावरच्या एलोतेरोकडे (एलोते विकणारा) थांबल्याशिवाय घरी गेले नाही, त्यामुळे हा धागा बघून राहवलं नाही. काही गोष्टी सांगते ज्या रेसिपीत कोणी लिहीत नाही.

पहिली म्हणजे तिथलं कणीस आपण स्वीट कॉर्न म्हणतो ते नसतं. बहुतेक गाड्यांवर पांढरा मका असतो, दाणा मोठा, चावायला घट्ट, पिठूळ, गोडी फार कमी. म्हणूनच त्यावर इतकं खारट, आंबट, तिखट सगळं एकदम पेलतं. स्वीट कॉर्न घेतलंत तर चवीचा तोल जातो, अशा वेळी लिंबू आणि तिखट जरा सढळ हाताने आणि मेयो कमी. दुसरं, तिथे भाजलेलं मिळतंच पण मोठ्या पातेल्यात उकडलेलंही तितकंच मिळतं, त्यामुळे तुमचं पहिलं कणीस काही "चूक" नव्हतं, फक्त तुम्हाला हवं ते नव्हतं.

चीज मात्र चूक. मोझरेला वितळतं आणि तार धरतं, इथे बरोबर उलटं हवं. तिथे कोतीहा वापरतात, मिचोआकान राज्यातल्या कोतीहा गावाच्या नावाचं, गाईच्या दुधाचं, मुरवलेलं, चांगलं खारट, हाताने चुरलं की वाळूसारखं भुरभुरतं आणि गरम कणसावरही वितळत नाही. ते नाही मिळालं तर फेटा चीज पेपर नॅपकिनने दाबून कोरडा करा आणि बारीक चुरा, त्यात थोडं किसलेलं पार्मेजान मिसळलं तर खूप जवळ जातं. दोन्ही खारट आहेत, त्यामुळे कणसाला वेगळं मीठ लावू नका!!

आईंसाठी अडचणच नाही, तिथे बरेच जण मेयोऐवजी किंवा मेयोसोबत क्रेमा लावतात, ती विरजलेली क्रीमच असते. आंबट क्रीममध्ये थोडी साधी क्रीम, चिमूटभर मीठ, दोन थेंब लिंबू घालून ब्रशने लावता येईल इतकी सैल करा, झालं.

तिखटाबद्दल पण सांगते. तो एलोतेरो नेहमी विचारायचा, तिखट लागणारं की न लागणारं? दोन वेगळे डबे असायचे. वाढदिवसाला मुलं आहेत तर तुम्हीही तसंच करा. तिखटासाठी चिले पिकीन किंवा चिले दे आर्बोल या झणझणीत मिरच्यांची पूड, सौम्यसाठी आंचो, म्हणजे वाळवलेली पोब्लानो मिरची, तिला मनुकेसारखा गोडसर वास असतो. ताहीन नावाचा तयार मसाला मिळत असेल तर त्यात मिरची, लिंबू आणि मीठ तिन्ही असतं, मग चीज अजून कमी करा.

साधीसुधी
निखारा७ यांचं पटतं पण बारा कणसं छोट्या ग्रिलवर एकदम कशी मावणार, चार-चार करत बसलात तर पहिली चार गार. मी अशा वेळी पानं काढून आधी ४-५ मिनिटं उकळत्या पाण्यात काढून घेते, निथळून पूर्ण कोरडी करते, मग ऐनवेळी कडक आचेवर फक्त डाग पाडायला तीन-चार मिनिटं पुरतात.

निखारा७
@साधीसुधी खरं सांगू का, कच्चं कणीस सरळ निखाऱ्यावर भाजलं की जो खमंगपणा येतो तो उकडून नाही येत, फरक कळतो. पण बारा जण आणि छोटं ग्रिल असेल तर तुमचाच मार्ग योग्य आहे, तिथे मी वाद घालणार नाही. फक्त "पूर्ण कोरडी" हे अधोरेखित करा, एका थाळीत पसरून १५ मिनिटं उघडी ठेवली की आपोआप सुकतात.

मक्याचीराणी
किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, खूप आभार. एक शेवटचं, लिंबू मिश्रणातच घालून ठेवू का म्हणजे शनिवारी एक काम कमी?

दूरची_चिमणी
मेयोत एखादा चमचा चालेल, जास्त घातलंत तर ते पातळ होऊन परत ओघळेल. खरं लिंबू सगळ्यात शेवटी, चीज-तिखटाच्या वरून, खाणाऱ्याच्या हातात फोड द्या. आणि कणसं आदल्या दिवशी आणली तर पानांसकट फ्रिजमध्ये ठेवा, बाहेर ठेवलं की गोडी भराभर उतरते, साखरेचं स्टार्च होत जातं.

मक्याचीराणी
रविवार सकाळचं अपडेट! आधी उकळून, सुकवून, मग निखाऱ्यावर चार मिनिटं, तीन मिनिटं उभी करून ठेवली, ब्रशने पातळ थर, फेटा आणि पार्मेजान. ताटात एक थेंब उतरला नाही. आईने क्रेमावालं घेतलं आणि नंतर मुलीच्या मैत्रिणीही तेच मागायला लागल्या. आंचो सगळ्यात आधी संपलं. आता तीन भाजलेली कणसं उरलीत, गार झालीत, परत गरम केली तर चिवट होतील ना?

दूरची_चिमणी
वा, किती छान वाटलं वाचून! परत भाजू नका, त्यांचं एस्कितेस करा. दाणे सुरीने उभे कापून काढा, कढईत थोड्या बटरवर एक चिरलेली हिरवी मिरची आणि दाणे दोन-तीन मिनिटं परता, तिथे यात एपासोते नावाचा उग्र वासाचा पाला घालतात पण त्याच्याशिवायही छान लागतं. मग ग्लासात भरून वर तेच सगळं, क्रेमा, चीज, तिखट, लिंबू, आणि चमच्याने खायचं. दात पडलेल्या लहान मुलांना तर हेच जास्त आवडतं.