मदत हवी आहे: नीट ५१२, पुण्यात सरकारी मेडिकल मिळेल का? लवकर सांगा

अनघा_वाकड
नमस्कार. मुलीला यंदा, २०२५ च्या नीटमध्ये ५१२ मार्क आहेत. निकाल लागल्यापासून घरात कुणी धड जेवलेलं नाही. गेल्या वर्षीचे कटऑफ बघितले की काहीच मिळणार नाही असं वाटतं. क्लासवाले म्हणतात यंदा पेपर अवघड होता, कटऑफ बरेच खाली येतील. पुण्यातलं सरकारी बीजे मिळालं तर सोनंच, नाहीतर महापालिकेचं वाजपेयी कॉलेज, तेही नाही तर मिरज, सोलापूर, कोल्हापूर कुठेही चालेल. डोमिसाईल काढून तयार आहे. टिळक रोडवरचे एक कौन्सेलर 'सीट नक्की' म्हणून साठ हजार मागतायत. द्यावेत का? आणि मराठा आरक्षणाचं (एसईबीसी) सर्टिफिकेट काढायला आता वेळ आहे का? कृपया नेमकं सांगा, भाषणं नकोत, फार टेन्शन आहे.

जुनापुणेकर
ताई, मार्कांवरून काहीच सांगता येत नाही. २०२४ ला सुधारित निकालानंतरही ७२० पैकी ७२० वाले १७ जण होते, यंदा देशात पहिला आलेल्याला ६८६ आहेत. ओपनचा पात्रता गुणही १६२ वरून १४४ वर आलाय. शिवाय यंदा २०० पैकी १८० सोडवायची सोय गेली, १८० च्या १८० प्रश्न सक्तीचे आणि वेळ तीन तास. दोन वर्षांचे मार्क शेजारी ठेवून तुलना होऊच शकत नाही, फक्त रँकची करा. ऑल इंडिया रँक किती? प्रवर्ग कुठला?

मोरपीस
साठ हजार अजिबात देऊ नका. जागा कॉम्प्युटर वाटतो, रँक आणि तुम्ही भरलेले पर्याय यांवरून. त्यात कुणाचा हात पोचत नाही. माझ्या पुतणीचे पर्याय आम्ही घरी बसून भरले, एक पैसा न देता झालं.

लातूरकर_बाप
मोरपीस, प्रत्येकाला ते जमत नाही. आमच्या तालुक्यात नेट सुद्धा धड नसतं. चांगला कौन्सेलर पर्यायांचा क्रम नीट लावून देतो, त्याचे पैसे घेतले तर काय बिघडलं?

मोरपीस
क्रम लावण्याचे घ्या की. 'सीट नक्की' म्हणून घेऊ नका, एवढंच म्हणतेय.

अनघा_वाकड
रँक ३८ हजारांच्या आसपास. आम्ही मराठा, पण सध्या ओपन. मिस्टर आयटीत आहेत, उत्पन्न ८ लाखांच्या वर. आता तरी सांगा.

सह्याद्री_१२
मग एसईबीसीच्या मागे लागू नका. फेब्रुवारी २०२४ च्या कायद्यातलं ते १० टक्के आरक्षण घ्यायचं तर नॉन-क्रीमी लेयर लागतं, आणि प्रायव्हेट नोकरीत ८ लाखांच्या वर उत्पन्न असेल तर ते मिळणं कठीण. शिवाय ते फक्त सरकारी कॉलेजांतल्या राज्याच्या ८५ टक्के जागांत चालतं, ऑल इंडियाच्या १५ टक्के जागांत नाही. पोरीचं डोकं आधीच फिरलेलं असेल, त्यात सेतू केंद्राच्या रांगा कशाला?

खडकवासला_वारा
सगळा गोंधळ या आरक्षणानेच केलाय. २०१८ ला दिलं, २०२१ ला सुप्रीम कोर्टाने काढलं, २०२४ ला परत दिलं, आता परत हायकोर्टात. मुलांनी अभ्यास करायचा की बातम्या बघायच्या?

लातूरकर_बाप
नियम बदलले म्हणून सगळ्यांचंच नुकसान होतं असं नाही. २०२० पर्यंत ७०:३० होतं, म्हणजे ७० टक्के जागा त्या-त्या विभागातल्याच मुलांना. मराठवाड्यात कॉलेजं मोजकी, त्यामुळे मार्क असून आमची पोरं घरी बसायची आणि त्याच मार्कांत इकडच्या पोरांना ॲडमिशन मिळायची. ते रद्द झालं तेव्हा पहिल्यांदा सारखा न्याय मिळाला.

खडकवासला_वारा
आणि आता तुमच्याकडच्या क्लासेसची मुलं बीजे भरून टाकतात. पुण्याच्या मुलांनी कुठे जायचं?

लातूरकर_बाप
मेरिटवर येतात ती. आमच्या पोरांनी पुण्यात शिकू नये का?

संपादक मंडळ
आरक्षण आणि ७०:३० वर वेगळे धागे आहेत. इथे धागाकर्तीच्या प्रश्नावर बोला. पुढचे अवांतर प्रतिसाद उडवले जातील.

शाळामास्तर
एक साधा प्रश्न अजून कुणी विचारलेला नाही. मुलीची दहावी कुठे झाली?

अनघा_वाकड
दहावी बंगळुरूला, २०२३ मध्ये. मिस्टरांची बदली होती तिकडे. त्याच वर्षी परत आलो, अकरावी-बारावी पुण्यातच. पण त्याचा काय संबंध? जन्म पुण्यातला, डोमिसाईल पुण्याचं.

शाळामास्तर
संबंध आहे, आणि तोच मुख्य आहे. मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो, दरवर्षी एकदोन घरं यात अडकलेली बघतो. महाराष्ट्राच्या ८५ टक्के कोट्यासाठी डोमिसाईल लागतंच, पण त्याशिवाय दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या शाळा-कॉलेजातून झालेली लागते. बोर्ड सीबीएसई असो की राज्याचं, शाळा महाराष्ट्रात हवी. वडील केंद्र किंवा राज्य सरकारच्या नोकरीत, सैन्यात असतील तर काही सवलती आहेत. प्रायव्हेट कंपनीतल्या बदलीला माझ्या माहितीत कुठलीच नाही. राज्यातले प्रवेश बघणाऱ्या सीईटी सेलचं माहितीपत्रक आलं की पात्रतेचं प्रकरण शब्द न् शब्द वाचा, पण तोवर ८५ टक्के धरून बसू नका.

अनघा_वाकड
हे काय बोलताय तुम्ही? आम्ही पिढ्यान् पिढ्या इथले. सासरे सिंचन खात्यातून रिटायर झाले, मुलगी घरी मराठीच बोलते. नोकरी जिथे नेईल तिथे जायचं नाही का माणसांनी? मग ते डोमिसाईल सर्टिफिकेट देतात कशाला?

चिंचवडचा_अजय
घाबरू नका हो. आमच्या मुलाची दहावी भोपाळची. इंजिनिअरिंगला वडिलांच्या डोमिसाईलवर टाइप बी मध्ये फॉर्म भरला, व्यवस्थित ॲडमिशन झाली. तेच करा.

शाळामास्तर
अजय, टाइप ए, टाइप बी हे इंजिनिअरिंगच्या कॅपचे (प्रवेश प्रक्रियेचे) नियम. सीईटी सेल एकच असला तरी मेडिकलची नियमावली वेगळी. याच सल्ल्यावर विसंबून पालक कागद तपासणीपर्यंत निवांत राहतात आणि तिथे नाव कटतं.

प्रवाही
पण सुप्रीम कोर्टाने यंदा जानेवारीत डोमिसाईल आरक्षणच रद्द केलं ना? पेपरात आलं होतं. आता कुणीही कुठेही अर्ज करू शकतो. लढा, सोडू नका!

रेवा_वकील
तो २९ जानेवारी २०२५ चा निकाल पदव्युत्तर प्रवेशांचा आहे, एमडी-एमएसचा. एमबीबीएसला रहिवासावर आधारित कोटा ठेवता येतो हे १९८४ पासून ठरलेलं आहे आणि या निकालाने ते बदललेलं नाही. २०२४ मध्ये बीएसएफमधल्या एका वडिलांच्या मुलाला, त्याचं शिक्षण बाहेर झालं असूनही, महाराष्ट्राच्या जागेसाठी सुप्रीम कोर्टाने दिलासा दिला होता. तिथे वडिलांची सरकारी नोकरी हा कळीचा मुद्दा होता. आणि तोवर त्या मुलाचं वर्ष गेलंच, जागा पुढच्या सत्रात मिळाली. अनघाताई, तुमच्या बाबतीत कोर्टाच्या भरवशावर राहा असं मी सांगणार नाही.

निपाणीकर
सीमाभागाला सूट आहे! ८६५ गावांतल्या मराठी मुलांना महाराष्ट्रात अर्ज करता येतो.

शाळामास्तर
बरोबर, पण बंगळुरू त्या ८६५ गावांत येत नाही.

डॉ_मेघना
एक वर्ष ड्रॉप घ्या. मी घेतला होता, आज स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. ५१२ म्हणजे पाया पक्का आहे.

शाळामास्तर
मॅडम, पुढच्या वर्षी मार्क वाढतील, दहावीची शाळा तीच राहील.

उडान_७
जॉर्जिया बघा. माझी भाची गेली आहे, इंग्रजीत शिकवतात, हॉस्टेल चांगलं.

डॉ_मेघना
२०२१ च्या नियमांनंतर बाहेरचं शिक्षण किमान ५४ महिन्यांचं, इंग्रजी माध्यमातलं आणि वर शिकलात तिथेच १२ महिन्यांची इंटर्नशिप, असं सगळं असेल तरच इथे डॉक्टरकीच्या परवान्याच्या परीक्षेला बसता येतं. एजंट हे सांगत नाहीत. हॉस्टेल बघून मुलीला पाठवू नका.

मोरपीस
अनघा, बाकी दारं उघडी आहेत हे लक्षात ठेव. केंद्राच्या एमसीसीकडे (मेडिकल कौन्सेलिंग कमिटी) नोंदणी केली की ऑल इंडियाच्या १५ टक्के सरकारी जागांना दहावी कुठली हे कुणी विचारत नाही. ३८ हजारला ओपनमधून अवघड आहे, पण अर्ज कर. तिथूनच अभिमत विद्यापीठांनाही पर्याय देता येतात, पुण्यातल्या भारती, डी. वाय. सकट. मात्र अभिमतसाठी दोन लाख डिपॉझिट आणि फी वर्षाला वीस लाखांच्या पुढे. एएफएमसीची, म्हणजे पुण्यातल्या लष्करी मेडिकल कॉलेजची नोंदणीही एमसीसीवरूनच, पण मुलींच्या जागा फक्त ३०.

अनघा_वाकड
वीस लाख कुठून आणणार? फ्लॅटचे हप्ते चालू आहेत. दुपारी तिला दहावीचं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, 'मी तेव्हा पंधरा वर्षांची होते, शाळा मी निवडली नव्हती.' मी काय उत्तर देऊ?

कानडी_सून
ताई, मी माहेरची हुबळीची, आता कोथरूडला असते. मला एक सांगा, बंगळुरूत ती कितवीपासून होती? फक्त दहावीच तिकडे झाली का?

अनघा_वाकड
तिसरीपासून. तिसरी ते दहावी एकाच शाळेत, सीबीएसई. का?

कानडी_सून
मग ती कर्नाटकची उमेदवार होऊ शकते! तिथला नियम असा: पहिली ते बारावीच्या काळात किमान सात वर्षं कर्नाटकात शिकलेलं हवं आणि दहावी किंवा बारावी यांपैकी एक परीक्षा तिथून पास हवी. तिची आठ वर्षं भरतात, दहावीही तिथलीच. माझ्या भावाच्या मुलाने बारावी पुण्यात करून तिकडे याच कलमावर अर्ज केला होता. मातृभाषा कुठली, आई-वडील कुठले, काही विचारत नाहीत.

शाळामास्तर
हे मला सुचायला हवं होतं असं नाही म्हणत, पण हेच शोधत होतो. ताई, आता बाकी सगळं बाजूला ठेवा. कर्नाटकात प्रवेशाचं काम केईए बघते आणि त्यांची नोंदणी आपल्या सीईटी सेलच्या आधी होते. आपलं रजिस्ट्रेशन सुरू व्हायची वाट बघत बसलात तर तिकडची मुदत निघून जाईल.

अनघा_वाकड
खरंच? तिचा मराठा, ओपन वगैरे तिकडे कसं धरतात? आणि ३८ हजारला काही मिळेल?

कानडी_सून
तिकडे जनरल मेरिट. महाराष्ट्राचं जातीचं सर्टिफिकेट चालणार नाही, तुम्हाला लागतही नाही. खात्री कुणीच देऊ नये, मीही देत नाही. पण तिथे खासगी कॉलेजांतही सरकारी कोट्याच्या जागा असतात, त्यांची फी सरकारीपेक्षा जास्त आणि मॅनेजमेंटच्या जागेपेक्षा खूप खाली. या रँकला तो पर्याय नक्की बघण्यासारखा आहे. केईएच्या साइटवर मागच्या फेऱ्यांचे शेवटचे रँक असतात, मार्क नाही, रँक बघा.

खडकवासला_वारा
म्हणजे पुण्याची मुलगी पुण्यात बाहेरची आणि बंगळुरूत आपली. मी वर जे भांडत होतो ते राहू द्या, पण या नियमाविरुद्ध पालकांनी एकत्र निवेदन द्यायलाच हवं. बदलीच्या नोकऱ्या आता फक्त सरकारात राहिलेल्या नाहीत.

लातूरकर_बाप
याला माझं अनुमोदन. निवेदनावर सही करतो. पण आधी हिची नोंदणी होऊ द्या.

डॉ_मेघना
सात वर्षांचा पुरावा काय मागतात?

कानडी_सून
स्टडी सर्टिफिकेट. केईएने दिलेल्या नमुन्यातच, कुठल्या वर्षी कुठली इयत्ता हे लिहून, मुख्याध्यापकांची सही-शिक्का आणि त्यावर बीईओची, म्हणजे गटशिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी. शाळा स्वतःच्या लेटरहेडवर 'ही आमची विद्यार्थिनी होती' असं दोन ओळींत लिहून देते, ते घेऊ नका, परत पाठवतात.

अनघा_वाकड
शाळेत फोन लागला. क्लार्क ओळखीच्या निघाल्या, त्यांना मुलगी आठवली. नमुना आणा, सही मिळेल म्हणाल्या. मिस्टर आज उद्यान एक्स्प्रेसने निघतायत, तत्काळमध्ये मिळालं. इकडे मी आणि मुलगी नोंदणीला बसतोय. एमसीसीचंही भरायचंच ना? दोन्हीकडे जागा लागली तर?

मोरपीस
दोन्ही भरा. एमसीसीत पहिल्या फेरीत लागलेली जागा सोडली तर डिपॉझिट जात नाही, दुसऱ्या फेरीपासून जातं. तिसऱ्या फेरीत जॉइन झाली की मग दुसरीकडे जाता येत नाही, तेव्हा तिथे पोचण्याआधी ठरवा. आणि ओरिजिनल कागद एकाच कॉलेजात जमा होतात, सगळ्याचे स्कॅन आत्ताच करून ठेवा.

मावळतीचा_सूर्य
माझ्या नातवाची दहावी गोव्याची आहे, बारावी हडपसरला चालू. त्याला काय?

शाळामास्तर
काका, वेगळा धागा काढा. गोव्यात किती वर्षं शिकला आणि मुलगा-सून कुठे नोकरीला आहेत ते लिहा, मी तिकडे येतो.

कानडी_सून
अनघाताई, मिस्टरांना सांगा, शाळेत गेल्या गेल्या आधी बीईओचं ऑफिस कुठलं ते विचारून घ्या. शाळा ज्या ब्लॉकमध्ये येते तिथलंच चालतं, जवळचं चालत नाही. जाताना दहावीची ओरिजिनल मार्कशीट आणि शाळा सोडल्याचा दाखला सोबत असू द्या. बीईओ ऑफिसात कानडीत बोलायला कुणी हवं असेल तर मला व्यनि (खासगी निरोप) करा, माझा भाऊ बंगळुरूतच असतो, तो येईल.