ब्लूमर: १९१४ नंतरचं काय?

इंग्लंडचा जुना फुटबॉलपटू स्टीव्ह ब्लूमर याची कहाणी १९१४ मध्ये डर्बी काउंटी या इंग्लिश क्लबकडून निवृत्त झाल्यावर संपते, असं कुणी म्हणतं. त्याच्या गोलांचे आकडे मोठे आहेतच. इंग्लंडसाठी २३ सामन्यांत २८ गोल म्हणजे थट्टा नव्हे. पण कहाणी तिथे संपते हे पटत नाही. उलट खरी मजा पुढेच आहे.

मुळात त्या काळी व्यावसायिक फुटबॉलपटूच्या गाठीला फारसं काही उरायचंच नाही. १९०१ पासून आठवड्याला जास्तीत जास्त ४ पौंड पगार, मग तुम्ही कितीही गोल मारा. त्यामुळे निवृत्तीनंतर पोटापाण्यासाठी परदेशी प्रशिक्षक होणं आलंच. ब्लूमरने जुलै १९१४ मध्ये बर्लिनच्या ब्रिटानिया क्लबची नोकरी धरली. मुहूर्त बघा! काही आठवड्यांत महायुद्ध सुरू झालं आणि बाकीच्या ब्रिटिश नागरिकांबरोबर त्यालाही बर्लिनजवळच्या रूलेबेन इथल्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर नजरकैदेत टाकलं. माणसं चक्क तबेल्यांत राहत होती. कैद्यांत फ्रेड पेंटलंड, जॉन कॅमरन असे आणखी काही नामवंत खेळाडू होते, त्यामुळे तिथेही रीतसर फुटबॉल सामने सुरू झाले.

सुटकेनंतर काही वर्षांनी तो स्पेनला गेला. १९२४ मध्ये त्याच्या हाताखाली इरूनच्या रेआल युनिओनने अंतिम सामन्यात रेआल माद्रिदला १-० असं हरवून स्पॅनिश चषक जिंकला. पेंटलंडनेही पुढे अॅथलेटिक बिल्बाओला लीग जिंकून दिली. स्पॅनिश फुटबॉलवर चर्चा करताना ही दोन नावं क्वचितच निघतात.