सोसायटी ग्रुप : लष्करी कुटुंबांतील मुलांची शाळेतील नोंद

सचिव : नमस्कार. आपल्या चारही इमारतींत लष्करात नोकरी करणाऱ्यांची बरीच कुटुंबे भाड्याने राहतात व दर दोन-तीन वर्षांनी बदलतात. शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणासाठी शिक्षक आले, तेव्हा कोणते मूल कोणत्या शाळेत जाते हे कार्यालयात कोणालाच सांगता आले नाही. म्हणून एक तक्ता करावा असे सुचवतो : मुलाचे नाव, इयत्ता, शाळा, वडिलांचे युनिट आणि त्यांचे सध्याचे ठिकाण.

ए-३०४ : सचिवसाहेब, कल्पना चांगली आहे, पण शाळेचे नाव लिहिल्याने नोंद पूर्ण होत नाही, हे मी अनुभवाने सांगते. मागच्या बदलीच्या वेळी मुलीचा दाखला हातात होता, परराज्यातला म्हणून त्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरीही घेतली होती आणि नव्या शाळेने तिला पाचवीच्या वर्गात बसवलेही होते. तरी यूडायस प्लसवर, म्हणजे देशभरातील शाळांच्या सरकारी संगणकीय नोंदीत, नव्या शाळेच्या यादीत तिचे नाव चढेना, कारण जुन्या शाळेने तिला तिथून मोकळेच केले नव्हते. मुलगी इथे पाचवीचा गृहपाठ करत होती आणि संगणकावर मात्र अजून दुसऱ्या राज्यात चौथीतच होती. हे मिटायला तीन महिने लागले. तिथल्या लिपिकाला मी इतके फोन केले, की शेवटी ते माझा आवाज ओळखू लागले.

सी-१०१ : मी मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले आहे, त्यामुळे यातली गोम सांगते. २०२२-२३ पासून यूडायस प्लसमध्ये शाळेच्या एकूण पटाऐवजी प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद होते आणि त्याला कायमचा शिक्षण क्रमांक, म्हणजे पेन, मिळतो. मूल शाळा सोडते तेव्हा जुन्या शाळेने त्याची नोंद ड्रॉपबॉक्समध्ये, म्हणजे त्याच प्रणालीतील शाळा सोडलेल्यांच्या यादीत, टाकायची असते आणि नव्या शाळेने पेन व जन्मतारीख भरून ती आपल्याकडे ओढून घ्यायची असते. पहिली पायरी चुकली तर नाव जुन्याच पटावर राहते; दुसरी चुकली तर वर्गात रोज हजर असलेले मूल शिक्षण सोडलेल्यांत मोजले जाण्याचा धोका असतो. कागदावरचा दाखला आणि संगणकावरची नोंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पालकांना कोणी सांगत नाही.

बी-५०२ : बाई, दाखल्याला उशीर झाला तर प्रवेश नाकारता येत नाही, असा कायदा आहे ना?

सी-१०१ : आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९, कलम ५. मुख्याध्यापकाने दाखला तात्काळ द्यायचा असतो आणि तो यायला वेळ लागला म्हणून नवी शाळा प्रवेश अडवू शकत नाही. मात्र शाळा बदलून घेण्याचा त्या कलमातला हक्क आठवीपर्यंतचा आहे आणि केंद्रीय विद्यालये व विनाअनुदानित खासगी शाळा त्यातून वगळलेल्या आहेत. म्हणजे फौजी कुटुंबे ज्या शाळांकडे सर्वांत आधी वळतात, नेमक्या तिथेच तो उपयोगी पडत नाही! केंद्रीय विद्यालयाच्या प्राधान्यक्रमात पालकांच्या मागील 7 वर्षांतील बदल्या मोजतात, म्हणून बदल्यांचे प्रमाणपत्र पालकांनी आपल्या नोकरीच्या कार्यालयातून वेळेवर घेऊन ठेवावे.

डी-६०५ : मी सैन्यातून निवृत्त झालेला अधिकारी आहे आणि तक्त्यातील शेवटच्या दोन रकान्यांना माझा स्पष्ट विरोध आहे. वडिलांचे युनिट आणि ठिकाण यांचा मुलाच्या शाळेशी काडीचा संबंध नाही. दोनशे जणांच्या ग्रुपवर टाकलेली यादी दुपारपर्यंत कोणाच्या फोनवर पोहोचेल, याची हमी कोणीही देऊ शकत नाही. कोणता माणूस कुठे तैनात आहे आणि त्याच्या घरी कोण एकटे राहते, ही माहिती आपण स्वतःच तयार करून का वाटावी?

सचिव : कर्नलसाहेब, हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. दोन्ही रकाने काढतो. मग काय ठेवावे?

सी-१०१ : इयत्ता, शाळेचा अकरा अंकी यूडायस क्रमांक आणि ‘जुन्या शाळेने नोंद मोकळी केली का’ याचे हो किंवा नाही, एवढे पुरे. पेन क्रमांक पालकांनी स्वतःजवळ ठेवावा. तक्ता ग्रुपवर नको, कार्यालयातील वहीत असू द्या.

ए-३०४ : आणि ही विचारणा सामान बांधायच्या आधी झाली पाहिजे. एकदा गाव सुटले की जुन्या शाळेत आपल्या शब्दाला वजन राहत नाही.

सचिव : मान्य. घर सोडताना ना-हरकत पत्राचा अर्ज येतो, त्याच वेळी कार्यालयातून तोंडी विचारू. पत्र त्यासाठी अडवणार नाही.

ए-३०४ : हा संदेश हटवला गेला.

डी-६०५ : धन्यवाद, वहिनी. मी तेच लिहिणार होतो.

ए-३०४ : क्षमस्व, कर्नलसाहेब. घर सोडणाऱ्या त्या कुटुंबाच्या निघण्याचा वार ग्रुपवर लिहायला नको होता. पेन क्रमांक घेतला आहे का, हे मी संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊनच विचारते.