२००१ च्या भुजच्या भूकंपाचा धक्का बडोद्यात कुठे किती बसला, हे लोकांना विचारून ठरवावं का?

दांडियाबाजारकर:
२६ जानेवारी २००१, सकाळचे पावणेनऊ. झेंडावंदनाहून नुकताच घरी आलो होतो. आजीने भरून ठेवलेल्या घंगाळातलं पाणी हेलकावे खात फरशीवर सांडायला लागलं आणि मधल्या घरातलं लंबकाचं घड्याळ थांबलं. भिंतीला मात्र चीर नाही. पेपरात ‘तीव्रता ७.७’ छापून आलं. तो आकडा कच्छमधल्या भचाऊजवळ सुटलेल्या ऊर्जेचा, अख्ख्या भूकंपाला एकच. बडोदं तिथून ३०० किलोमीटरहून लांब. इथली जमीन किती हलली हा प्रश्नच वेगळा, आणि विश्वामित्री नदीकाठच्या गाळावर त्याचं उत्तर आणखी वेगळं निघू शकतं. मर्काली मोजपट्टीच्या १२ पायऱ्या यासाठीच आहेत: टांगलेला दिवा हलला, झोपलेला माणूस जागा झाला, गिलावा पडला. जुनी मंडळी एकेक करून चालली आहेत. त्यांना आत्ताच विचारून गल्लीगल्लीचा नकाशा काढायला हवा.

अलकापुरी_सिव्हिल:
माझा स्पष्ट विरोध. इतक्या वर्षांनी माणूस आपली आठवण सांगत नाही, टीव्हीवर पाहिलेलं भुज सांगतो. शिवाय चौथ्या मजल्यावरचा माणूस जास्तच हलतो, लांबच्या मोठ्या भूकंपात तर फारच. तो मजला न सांगता ‘भयंकर’ म्हणाला की तुमचा नकाशा फुगलाच. मला खांब-तुळयांचा हिशोब करायला प्रवेग लागतो, म्हणजे जमीन किती झटक्याने हलली त्याचा आकडा, घंगाळ नाही. तो मोजणारी यंत्रं वाढवा.

दांडियाबाजारकर:
काका, यंत्रं हवीतच. पण तेव्हा होती किती? अहमदाबादेत एका इमारतीतल्या यंत्राने गुरुत्वाच्या साधारण ११ टक्के प्रवेग नोंदवला. त्याच शहरात खाली मोकळं पार्किंग सोडलेल्या इमारती कोसळल्या आणि पोळांमधली, म्हणजे जुन्या शहरातल्या दाट वस्त्यांमधली, लाकडी सांगाड्याची जुनी घरं बरीचशी उभी राहिली. एका यंत्राला हा फरक दिसेल कसा? १८९७ च्या आसाम भूकंपानंतर भूगर्भशास्त्रज्ञ ओल्डहॅमने लोकांची पत्रं गोळा करूनच नकाशा काढला होता.

लातूरची_लेक:
लग्न होऊन बडोद्यात आले, पण किल्लारी माझ्या मनातून गेलेली नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट. भूकंप ६.२ चा, म्हणजे भुजपेक्षा कितीतरी लहान, आणि माणसं हजारोंनी गेली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर माळवदाचं ओझं. म्हणून नुसतं ‘घर पडलं’ लिहून चालणार नाही, घर कशाचं होतं ते आधी लिहा. मर्कालीसारखीच जी एमएसके मोजपट्टी आहे, तिच्यात घरांचे प्रकार वेगळे धरले आहेत ते उगीच नाही. आणि दादा, ज्यांना काहीच जाणवलं नाही त्यांनाही विचारा. तेच नेहमी सुटतात.

अलकापुरी_सिव्हिल:
ताई, हे शेवटचं मला पटलं. पडलेल्या घराची बातमी होते, उभ्या घराची होत नाही, आणि बातम्यांवरून काढलेले नकाशे तिथेच चुकतात. तरी आठवणींवरून बांधकामाचे नियम ठरवायला मी कधीच हो म्हणणार नाही. जुन्या दुरुस्तीची बिलं, तेव्हाचे फोटो, घराचा प्रकार, मजला, जमीन, एवढं जोडाल तर बघेन. आणि ते घड्याळ कुठल्या दिशेच्या भिंतीवर होतं? लंबक ज्या रेषेत झुलतो त्यावर ते थांबणं अवलंबून असतं.

दांडियाबाजारकर:
उत्तरेच्या भिंतीवर. खिळा अजून तिथेच आहे. रविवारी या, दाखवतो.