मदत हवी आहे: जुन्या पुस्तकातली फॉसिलची चित्रं प्रिंट करायची आहेत, अर्जंट

रिकामी_भिंत:
नमस्कार. जुन्या शास्त्रीय पुस्तकात असतात तसली फॉसिलची चित्रं पाहिजेत, म्हणजे शिंपले, गोगलगायीसारखे ते गोल गोल वळलेले, हाडं, दात, आणि खाली बारीक अक्षरात नाव छापलेलं असतंय बघा, तसली. फ्रेम करून लावायची आहेत. दोन दिवस शोधून डोळे गेले. एकतर चित्रावर आडवा वॉटरमार्क असतोय, नाहीतर भलत्याच साइटवर नेऊन सोडतंय आणि तिथं लॉगिन मागतंय. एक प्रिंट मारून बघितली तर सगळं अंधुक आलं, पैसे पाण्यात. रविवारच्या आत पाहिजे. साइट सांगा फक्त. आणि कृपा करून "गूगल करा" म्हणू नका.

खडेबाजार_रिटर्न:
साइज काय? किती पाहिजेत? रंगीत का काळी-पांढरी? लावणार कुठं? एवढं तरी लिहा की हो.

कोथरूडकर_७१:
मी आमच्या फ्लॅटमध्ये वारली लावली आहे, येणारा प्रत्येक जण विचारतो. ही मेलेली हाडं घरात कशाला? आणि कॅनव्हास प्रिंट करायची तर पुण्यासारखी कुठे होत नाही, येताना पेनड्राइव्ह घेऊन या.

रिकामी_भिंत:
पुणे नको, बेळगावातच करायचंय. वारली पण नको. साइज म्हणजे फ्रेमचा का चित्राचा?

खडेबाजार_रिटर्न:
फ्रेमा आधीच घेतल्यात??

रिकामी_भिंत:
मग. पाच. त्याशिवाय कशाला विचारीन.

निपाणी_नाका:
फॉसिलची घड्याळं असतात ना ती? आमच्या भाच्याकडं आहे एक, जड असतंय लई.

दगडमास्तर:
साइट विचारायच्या आधी कुठलं पुस्तक ते ठरवा. नुसतं "फॉसिल ड्रॉइंग" टाकलं की कालपरवा कुणीतरी काढलेलं पुढं येतंय. जुन्या पुस्तकात चित्रांची पानं बहुतेक शेवटी वेगळी बांधलेली असतात, त्यांना प्लेट म्हणतात, तेव्हा माणसाचं किंवा पुस्तकाचं नाव टाकून पुढं प्लेट लिहायचं. सगळ्यात सोपा हेकेल. एर्न्स्ट हेकेल, जर्मन. 'कुन्स्टफॉर्मेन डेर नाटूर' नावानं त्याच्या दहा-दहाच्या हप्त्यांनी शंभर प्लेटा १८९९ ते १९०४ मध्ये निघाल्या. त्यातली ४४ नंबरची अमोनाइटची, तुम्ही म्हणताय ते गोल वळलेले तेच. विकिमीडिया कॉमन्सवर मोठ्या साइजमध्ये फुकट आहे.

पण खरं सांगू का, ती प्लेट आता उशीच्या अभ्र्यावरसुद्धा येते. आपल्या देशातलं का बघत नाही? जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियानं १८६१ पासून 'पॅलिऑन्टॉलॉजिया इंडिका' काढायला सुरुवात केली. त्यात सर्व्हेच्याच स्टोलिच्कानं तमिळनाडूत तिरुचिरापल्लीकडं मिळालेले शिंपले, गोगलगायी, अमोनाइट घेतलेत, वागेननं १८७३ ते १८७५ मध्ये कच्छचे अमोनाइट घेतलेत. दगडावर काढून छापलेली लिथोग्राफ, नुसत्या काळ्या शाईत. एकच शिंपला समोरून, बाजूनं, आणि त्याच्या कप्प्यांची शिवण असते ना, नक्षीसारखी वळणावळणाची, ती रेघ उलगडून बाजूला काढलेली. ती एक रेघ बघत बसलो तर माझी अर्धी दुपार जाते. हा स्टोलिच्का पुढं १८७४ मध्ये यारकंदच्या मोहिमेवरून परतताना लडाखमध्ये उंचीवरच्या आजारानं गेला, वय फक्त ३६. लेहमध्ये त्याचं स्मारक आहे, कुणी गेलात तर बघून या.

रिकामी_भिंत:
सर थँक्यू पण हे मिळतंय कुठं ते सांगा ना. लिंक?

दगडमास्तर:
बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी आणि इंटरनेट आर्काइव्ह. दोन्ही फुकट, लॉगिन न करता. स्पेलिंग तेवढं जपा, 'पॅलिऑन्टॉलॉजिया'मध्ये एल नंतर ए आणि ई दोन्ही येतात, जुनं स्पेलिंग आहे. एक अक्षर गाळलं की काहीच सापडत नाही आणि मग लोक म्हणतात फुकट काही मिळत नाही.

एआय_अण्णा:
एवढी खटपट कशाला करुलालाय तुम्ही? "एकोणिसाव्या शतकातलं अमोनाइटचं चित्र, पिवळा कागद, खाली लॅटिन नाव" एवढं टाइप करा, पाच मिनिटात पाच चित्रं. मी आमच्या जिन्यात लावलीत, कुणाच्या बापाला कळत नाही.

दगडमास्तर:
मला कळेल. तुमच्या चित्रात शिवण पहिल्या वेढ्यात एक आणि तिसऱ्या वेढ्यात भलतीच निघणार, आणि खाली जे लॅटिन येतंय ते कुठल्याच भाषेत नसतंय.

एआय_अण्णा:
तुम्ही येणार आहात का त्यांच्या घरी शिवण तपासायला?

शाळिग्राम_भक्त:
अमोनाइट म्हणजेच आपला शाळिग्राम, गंडकी नदीतला. त्याचं चित्र जिन्यात किंवा बाथरूमच्या भिंतीवर लावू नये. शाळिग्राम असलेल्या घरात रोज तुळस वाहावी लागते. आधी भटजींना विचारा.

दगडमास्तर:
शाळिग्राम अमोनाइट आहे हे बरोबर. प्रत्येक अमोनाइट शाळिग्राम नाही. कच्छचा शिंपला गंडकीत कसा जाईल?

शाळिग्राम_भक्त:
भाव असला की झालं मास्तर.

यल्लूरची_लेक:
डीटीपीचं काम करते म्हणून विचारतेय. ती अंधुक आलेली प्रिंट, तिची फाइल दुकानात कशी दिली होती?

रिकामी_भिंत:
मोबाईलवरनं पाठवली.

यल्लूरची_लेक:
फोटो म्हणून का डॉक्युमेंट म्हणून?

रिकामी_भिंत:
फोटो म्हणूनच. चित्र आहे तर फोटो म्हणूनच पाठवणार ना. दुकानवाला म्हटला फाइलच खराब आहे.

यल्लूरची_लेक:
आणि मुळात डाउनलोड कशी केली होती?

रिकामी_भिंत:
डाउनलोडचं बटण दिसेना म्हणून स्क्रीनशॉट काढला.

यल्लूरची_लेक:
देवा. दादा, दुकानवाला बरोबर बोलला. स्क्रीनशॉट म्हणजे तुमच्या फोनच्या स्क्रीनएवढंच चित्र, आणि फोटो म्हणून पाठवलं की ते आणखी आकसतं. त्यावर मोठी प्रिंट मारली तर चिखलच होणार. आता फ्रेमचं माप टाका, आतलं, काचेचं. पट्टीनं मोजून.

रिकामी_भिंत:
१२ बाय १८ इंच. उभ्या. जुन्या सागवानी आहेत, शहापुरात एका वाड्याचं सामान निघालं होतं त्यातल्या, आत आधी कुणाचे तरी फोटो होते.

यल्लूरची_लेक:
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं असतं तर एव्हाना झालं असतं. १२ बाय १८ आमच्या डिजिटल मशीनची नेहमीची शीट आहे, अडचण काही नाही. पण कडेपर्यंत चित्र भरू नका. जाड माउंट बोर्ड कापून घ्या, डावी-उजवीकडं दोन-दोन इंच, वर-खाली तीन-तीन, म्हणजे मधे ८ बाय १२ ची खिडकी उरते. सर्व्हेची ती पुस्तकं मोठ्या पानाचीच असतात, साधारण फूटभर उंच, म्हणजे चित्र जवळजवळ मूळ मापात बसेल आणि फुगवायची गरजच नाही. ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, ८ बाय १२ म्हणजे २४०० बाय ३६०० पिक्सेल. पूर्ण १२ बाय १८ भरायला गेलात तर ३६०० बाय ५४०० लागतील, तेवढं दर स्कॅनमध्ये नसतं.

फाइल घेताना पीडीएफ घेऊ नका, त्यात चित्र दाबून बारीक केलेलं असतं. आर्काइव्हवर उजवीकडं डाउनलोडचे पर्याय आहेत, तिथं जेपी-टू ची झिप असते, म्हणजे पानांच्या मोठ्या चित्रांचं गाठोडं. फाइल जड असते, रात्री लावून झोपा. जेपी-टू गिम्प नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये उघडते, तिथनं टिफ (प्रिंटसाठीची चित्राची फाइल) करून घ्या आणि पेनड्राइव्हवर दुकानात न्या. मोबाईलवरनं नाही!!

निपाणी_नाका:
मी फोटो फोटो म्हणूनच पाठवतो, काही होत नाही.

यल्लूरची_लेक:
काका तुम्ही गुड मॉर्निंग पाठवता.

कायदेकानू:
कॉपीराइट बघितला का कुणी? उगाच नोटीस यायची.

खडेबाजार_रिटर्न:
भारतात लेखक गेल्यापासून ६० वर्षं. हेकेल १९१९ ला गेला. वकीलसाहेब, झोपा आता.

खानापूरचा_पाऊस:
कुणी भिंतीचं विचारलं का? आमच्याकडं जून ते सप्टेंबर भिंत घाम गाळते. माझ्या लग्नाच्या फोटोचा कागद काचेला चिकटून बसला, काढायला गेलो तर बायकोचा अर्धा चेहरा काचेवर गेला, अजून ऐकतोय. माउंट बोर्डानं कागद काचेपासून सुटा राहतो म्हणून तो पाहिजेच. आणि फ्रेमच्या मागं खालच्या कोपऱ्यात बुचाचे दोन तुकडे चिकटवा, भिंत आणि फ्रेम यात वारा खेळला पाहिजे. लॅमिनेशन करू नका, चकाकतंय आणि कडेनं ओल शिरली की फुगतंय.

कोथरूडकर_७१:
त्यापेक्षा खऱ्या जुन्या प्लेट विकत घ्या ना. ऑनलाइन ओरिजिनल मिळतात, शंभर-दीडशे वर्षं जुन्या. प्रिंट म्हणजे शेवटी झेरॉक्सच.

दगडमास्तर:
ती सुटी पानं कुठून येतात माहितीय का? पुस्तकं फाडून. अख्खं पुस्तक विकायचं तर एकच गिऱ्हाईक, पानं विकायची तर पन्नास. एका लायब्ररीत मी प्लेटा कापून नेलेला खंड हातात घेतलाय, मजकूर सगळा जागेवर आणि "आकृती तीन बघा" म्हटलं की ब्लेडची कड. तसलं विकत घेऊन भिंतीवर लावणाऱ्याच्या घरी मी चहा घेणार नाही.

कोथरूडकर_७१:
बोलावलंय कोणी?

एआय_अण्णा:
तरी म्हणत होतो.

खडेबाजार_रिटर्न:
मास्तर, आपल्या बेळगावकडचं नाही का काही? का इथं सगळा काळा दगडच?

दगडमास्तर:
वाटच बघत होतो कुणीतरी विचारेल म्हणून. उत्तरेकडं डेक्कन ट्रॅपचा काळा दगड, म्हणजे लाव्हा. त्यातही दोन थरांच्या मधे तळ्याचा गाळ अडकला असेल तर गोगलगायी मिळतात, नागपूरकडच्या हिस्लॉपनं १८६० मध्ये छापल्यात. गोकाककडं गेलं की कलादगीचे दगड लागतात, धबधबा ज्याच्यावरून पडतो ते. ते इतके जुने की शिंपला-हाड काही तयारच झालं नव्हतं.

पण त्याच गोकाकजवळ नाल्याकाठच्या गाळात गेंड्याची हाडं सापडली. खडकाच्या मानानं गाळ अगदी अलीकडचा. सर्व्हेच्याच रॉबर्ट ब्रूस फूटनं ती 'पॅलिऑन्टॉलॉजिया इंडिका'तच १८७४ मध्ये छापली आणि नाव ठेवलं ऱ्हायनोसेरॉस डेक्कनेन्सिस. दख्खनचा गेंडा! हाच फूट ज्याला १८६३ मध्ये मद्रासजवळ पल्लावरमला दगडी हत्यार सापडलं. आज जिथं ऊस आहे तिथं गेंडा चरत होता, आणि त्याचे दात प्लेटवर असे काढलेत की झिजलेल्या कडा बोटाला लागतील असं वाटतं. शोधताना 'बेळगावी' टाकू नका, तेव्हाच्या इंग्रजी स्पेलिंगनं 'बेलगाम' टाका. याच फूटचा इकडच्या भूगर्भावरचा १८७६ चा अहवाल आहे, त्याच्या शीर्षकात 'साउथ मराठा कंट्री' आहे.

निपाणी_नाका:
बघा!!! इंग्रजानंसुद्धा मराठा कंट्री लिहिलंय! मास्तर हे कोर्टात द्या की!

कायदेकानू:
भूगर्भ अहवाल हा प्रादेशिक हक्काचा पुरावा ठरत नाही. महाजन आयोगाच्या वेळी

संपादक:
सीमाप्रश्नाचा धागा वेगळा आहे. तिथं जा. इथं गेंड्याचं बोला.

शाळिग्राम_भक्त:
गेंड्याचं चित्र पूर्वेला तोंड करून लावावं का?

खडेबाजार_रिटर्न:
दातांना तोंड कुठलं वो.

रिकामी_भिंत:
सगळ्यांना थँक्यू. रात्रभर डाउनलोड लावलं, मधेच करंट गेला, परत लावलं. गेंडा सापडला. स्टोलिच्काचे दोन, वागेनचा एक आणि हेकेलची ४४ नंबर घेतली. पेनड्राइव्हवर टिफ नेली, ३०० जीएसएम मॅटवर मारली. काय रेघा आल्यात, दाताच्या कडेवरची बारीक खरवड पण दिसतेय. कागदाचा पिवळेपणा दुकानदार काढतो म्हटला, मीच नको म्हटलं, कडेला तपकिरी डाग आहेत तेही ठेवलेत. माउंटवाल्यानं एक खिडकी अर्धा इंच वाकडी कापली, ती हेकेलला दिली.

लावायची कुठं ते सांगायचं राहिलं. माझ्या बहिणीचा दातांचा दवाखाना आहे टिळकवाडीत, रविवारी उद्घाटन.

यल्लूरची_लेक:
दातांचा दवाखाना!! आणि हे आता सांगताय?

रिकामी_भिंत:
त्यानं काय फरक पडला असता?

दगडमास्तर:
गेंड्याचा दात खुर्चीसमोर लावा. आणि खाली नाव मराठीत लिहा, 'दख्खनचा गेंडा, गोकाक'.

कोथरूडकर_७१:
रूट कॅनलचे किती घेते तुमची बहीण?